वर्नाच्या तळघरात कचरा नव्हता

वर्ना लाह्तीनं आमच्या इमारतीची एकतीस वर्षं देखभाल केली. तेवढ्या काळात निघून गेलेल्या भाडेकरूचं दार तिनं कधी एकटीनं उघडलं नाही. करार संपलेला असे, माणूस गेलेला असे, सामान मात्र मागे तसंच असे. मग ती माझ्या दारावर दोनदा टकटक करायची.

"बाई, चला. पेन्सिल घ्या."

मी तेव्हा शाळेत शिकवत होते. शनिवारी घरी असे आणि माझं अक्षर लोकांना वाचता येई, एवढ्या दोन गुणांवर तिनं मला साक्षीदार नेमलं होतं. ती एकेक वस्तू हातात घेऊन नाव सांगायची, मी लिहायची. "टोस्टर, एकच बाजू भाजते." "बर्फातले बूट, डाव्याची नाडी नाही." जुनं, मोडकं, भंगार असे शब्द ती वापरत नसे. काय बिघडलंय तेवढं सांगायची आणि पुढच्या वस्तूला हात घालायची.

ती ठेंगणी होती, खांदे रुंद, पायात पुरुषांचे बूट, चष्मा दोरीला बांधलेला. उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणींच्या गावात फिनिश आईबापांच्या घरी वाढली. लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्याविषयी मी तिच्या तोंडून एकच वाक्य ऐकलं: "माणूस चांगला होता, पण घरात मावत नव्हता."

तिचे काही नियम होते. दुसऱ्याच्या बिछान्यावर बसायचं नाही. पत्रं वाचायची नाहीत. फोटो पालथे घालून बांधायचे. भांडी खरकटी असतील तर घासून, पुसून मगच खोक्यात. औषधं कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे. बाकी सगळं तळघरात, जुन्या कोळशाच्या खोलीत, प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधून: नाव, फ्लॅटचा नंबर, किल्ली हातात आल्याची तारीख. आणि सगळ्यात पक्का नियम म्हणजे, तळघरातून जी वस्तू बाहेर जाईल ती सहीवर जाईल. मालक परत येऊन नेवो की गरिबांसाठी जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानाची गाडी नेवो, कोणी नेलं आणि कुठं नेलं ते यादीवर लिहून खाली सही.

हा नियम तिनं एका चुकीतून केला होता. कामाला लागल्याच्या दुसऱ्याच वर्षी एका माणसाचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा तिनं कचऱ्यात टाकला. आत काय होतं तेही पाहिलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तो माणूस डबा मागायला आला. "तो काही बोलला नाही हो," वर्ना सांगायची. "नुसता मागच्या अंगणात पिंपांकडे बघत उभा राहिला. ओरडला असता तर मी विसरले असते."

रिकामं घर बघून माणूस कसा गेला हे तिला सांगता येई. पळून जाणारा टॉवेल नेतो आणि फोटो विसरतो. भांडून जाणारी बाई चमचे अर्धे नेते, मोजून. ज्याला हॉस्पिटलात नेलं त्याच्या घरात एक दिवा जळत राहिलेला असतो. "मोकळे हँगर बघायचे, बाई," ती म्हणायची. "हँगर खोटं बोलत नाहीत."

सत्त्याण्णव साली फेब्रुवारीत इमारत विकली गेली. म्हातारे मालक डिसेंबरापासून आजारी होते. मिनियापोलिसच्या एका कंपनीनं ती घेतली आणि देखरेखीला ब्रेंट हॉलिंगर नावाचा तरुण पाठवला. वाईट मुलगा नव्हता. दार लोटताना मागच्यासाठी धरून ठेवायचा, सगळ्यांना अहोजाहो करायचा. फक्त त्याला सगळं कागदावर पूर्ण झालेलं लागे.

मे महिन्याच्या पहिल्या तारखेला तो तळघराच्या जिन्यात वर्नाला भेटला. मी कपडे धुवायला खाली गेले होते.

"वर्नाबाई, नऊ नंबर रिकामा करायचा आहे. करार काल संपला."

"तो ओडेलचा फ्लॅट आहे."

"असेल. पण त्यांनी नव्या कराराचा अर्ज दिला नाही. मार्चच्या शेवटी मी स्वतः पत्र दाराखालून सरकवलं. एप्रिलमध्ये दुसरं दारावर चिकटवलं. उत्तर नाही."

"ओडेल सेदर कुठे असतो, माहीत आहे तुला?"

"नऊ नंबरमध्ये."

वर्नानं हातातली बादली खाली ठेवली. "पोरा, सरोवरावरचा बर्फ फुटला की तो बोटीवर जातो आणि जानेवारीत बोटी बांधल्या की घरी येतो. लोखंडाची माती वाहणाऱ्या बोटीवर स्वयंपाकी आहे तो. तीस वर्षं हेच चाललंय. तू पाण्यावरच्या माणसाचं पत्र जमिनीवरच्या दाराखाली सरकवलंस!"

ब्रेंटच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आमच्या डलुथसारख्या बंदराच्या गावात वाढलेल्या कोणाच्याही हातून हे झालं नसतं. इथे बोटीवरच्या भाडेकरूंचे करार जानेवारीत होतात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कॉफी पिता पिता. त्या जानेवारीत मालक अंथरुणावर होते. "विक्री झाली की नवे लोक बघतील," असं त्यांच्या मुलानं ओडेलला सांगितलं होतं आणि ओडेल निश्चिंत मनानं बोटीवर चढला होता. भाड्याची काही तक्रार नव्हती. तक्रार कागदाची होती.

"मला वाईट वाटतं," ब्रेंट म्हणाला, "पण एक जूनपासून तो फ्लॅट दुसऱ्यांना दिलाय. मागे मोठं पिंप मागवतो, सामान त्यात टाका."

"टाकत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे टाकत नाही. साठ दिवस सांभाळायचं, असा या राज्याचा कायदा आहे. तुझ्या वकिलाला विचार."

दोन दिवसांनी तो परत आला. "साठ दिवस," असं म्हणाला, जरा खाली बघत.

"हे वकिलाआधी मीच सांगितलं होतं. थांबला असतास तर वर कॉफीही दिली असती," वर्ना म्हणाली.

शनिवारी आम्ही नऊ नंबर उघडला. वर्ना दारातच थांबली. बिछाना बोटीवर घालतात तसा ताणून घातलेला. भिंतीवरचं घड्याळ थांबवलेलं, लंबक काढून खाली कागदात गुंडाळलेला. ओट्यावर एक कप बशीवर पालथा. कपाटात सगळे हँगर एकाच दिशेला तोंड करून, आणि हिवाळी कोटाच्या खिशात डांबराच्या गोळ्या.

"गेलेल्या माणसाचं घर आहे का हे?" ती म्हणाली. "सांगा बाई. हा बाहेर गेलाय. बाहेर गेलेला माणूस आणि सोडून गेलेला माणूस, यांतलं अंतर ज्यांना कळत नाही त्यांनी इमारती विकत घेऊ नयेत."

"हे लिहू का?"

"ते नको. लिहा: घड्याळ, भिंतीवरचं, मुद्दाम थांबवलेलं."

एकूण त्रेचाळीस वस्तू झाल्या. सहा खुर्च्या, त्यांतल्या चार एका जातीच्या आणि दोन दुसऱ्या. हवेचा दाब दाखवणारं पितळी यंत्र. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायचा सगळा सरंजाम. आईचं शिवणयंत्र. हरणाच्या मांसाची चौदा पुडकी असलेला फ्रीझर. कोणी चोरून न्यावं असं त्यात काही नव्हतं. पण सगळं मिळून एका माणसाचं जमिनीवरचं घर होतं, आणि त्याला दुसरं नव्हतं.

सगळं चिठ्ठ्या बांधून तळघरात उतरवलं आणि वर्नानं ओडेलला पत्र लिहिलं. बोटींचं टपाल डेट्रॉइटला जातं. तिथे टपालाची छोटी होडी चालत्या बोटीला जाऊन भिडते, वरून दोरीला बांधलेली बादली खाली येते, पत्रं तीत टाकतात. ओडेलची बोट त्या वर्षी खालच्या सरोवरांत चुनखडी वाहत होती, आमच्या बंदरात येतच नव्हती. उत्तर जूनच्या मध्यावर आलं, एका कार्डावर: "वर्ना, नेहमीसारखा जानेवारीत येतो. काय झालंय ते नीट कळलं नाही. सामान तुझ्याकडे आहे ना, मग ठीक."

तिनं ते कार्ड ब्रेंटला दाखवलं.

त्यानं दोनदा वाचलं. "त्यांना सामान हवंय, चांगलं आहे. मग तीस जूनपर्यंत येऊन घेऊन जावं. तोपर्यंत आम्ही कोणी हात लावणार नाही."

"ह्युरॉन सरोवराच्या मधोमध आहे रे तो! पोहत येऊ दे का?"

"वर्नाबाई, कायदा साठ दिवसांचा आहे. तुम्हीच सांगितलात."

हे मात्र खरं होतं. एप्रनच्या खिशातून माझी यादी काढून तिनं त्याच्यापुढे धरली.

"ठीक आहे. सही कर."

"कशावर?"

"प्रत्येक ओळीसमोर. त्रेचाळीस आहेत. काय नेलं, कोणी नेलं, कुठे टाकलं. खाली तुझं नाव. माझ्या तळघरातून असंच जातं."

ब्रेंट हसला. "कचऱ्यावर कोणी सही करतं का?"

"तेच तर. 'ओडेल सेदरच्या आईचं शिवणयंत्र मी पिंपात टाकलं,' असं लिहून खाली नाव घालायला हात धजत नाही ना तुझा? मग तो कचरा नाही."

त्यानं यादी परत दिली. आवाज न चढवता म्हणाला, "मंगळवारी, एक जुलैला सकाळी आठ वाजता ट्रक येईल. तळघर रिकामं पाहिजे. ती खोली आम्हाला सायकलींसाठी भाड्यानं द्यायची आहे. नसेल तर मला दुसरी माणसं बघावी लागतील. तुमचा फ्लॅट नोकरीबरोबरच आहे, हे तुम्हाला माहीत आहे."

वर्ना तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती. तळमजल्यावरच्या दोन खोल्या हे तिचं घर होतं. मी तिला म्हटलं, "वर्ना, ओडेलला कळेल. तू करण्यासारखं सगळं केलंस."

"तुम्ही मुलांना असंच शिकवता का, बाई?" ती म्हणाली. मला राग आला, आणि लाजही वाटली.

रविवारी लोक चर्चमधून परतले तेव्हा ती जाकिटाला चांगली पिन लावून, हातात यादी घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीपासून निघाली. अठरा फ्लॅट होते. प्रत्येक दारात तिचं एकच बोलणं. "ओडेलची एक वस्तू जानेवारीपर्यंत ठेवणार का? वापरायची असेल तर वापरा. फक्त ओडेलच्याच हाती परत द्यायची. इथे सही."

चार दारांतून नकार आला, तीन उघडलीच नाहीत, तेही तिनं शांतपणे घेतलं. एका आजोबांनी विचारलं, "मला काय मिळणार?" वर्ना म्हणाली, "खुर्ची मिळेल बसायला. तुमची तर मोडलीय." आजोबांनी सही केली.

तिसऱ्या मजल्यावर डन्फी भाऊ राहत, दोघेही रेल्वे यार्डात कामाला, दोघेही दारातून आत जाताना वाकणारे. त्यांनी फ्रीझर घेतला.

"आतलं मांस खायचं नाही," वर्ना म्हणाली.

"बघायचं तरी?" धाकटा डन्फी.

"बघायचं. झाकण लावून."

दुसऱ्या मजल्यावरच्या लोरेन नावाच्या नर्सनं उभा दिवा आणि मासेमारीचा सरंजाम ठेवून घेतला. तिच्या कपाटात बर्फ फोडायचं लांब हत्यार उभं राहिलं आणि दार लागेना, तर तिनं दार तसंच उघडं ठेवलं. माझ्या वाट्याला घड्याळ, शिवणयंत्र आणि दोन खुर्च्या आल्या. संध्याकाळी पाचपर्यंत त्रेचाळीस ओळींसमोर सह्या होत्या. वर्नानं कोळशाची खोली झाडली, मग पुसली.

मंगळवारी ट्रक आला. दोन माणसं हातमोजे चढवून खाली उतरली आणि तशीच वर आली. ब्रेंट आत जाऊन बघून आला.

"सामान कुठे आहे?"

"तुला तळघर रिकामं हवं होतं ना? घे, रिकामं."

"वर्नाबाई, ते सामान कंपनीच्या ताब्यात होतं."

"माझ्या ताब्यात होतं. मी ते सहीवर दिलं. तुलाही देत होते, तू घेतलं नाहीस."

"यादी द्या."

"यादी ओडेलची आहे."

तो जिना चढून वर आला. माझं दार उघडंच होतं. मी ओडेलच्या खुर्चीवर बसून वह्या तपासत होते. खरं तर जूनमध्ये शाळा बंद झाली होती आणि त्या वह्या जुन्या होत्या, पण हातात काहीतरी असावं असं वाटलं.

"ही खुर्ची कोणाची?" त्यानं विचारलं.

"ओडेल सेदरची," मी म्हटलं. "तो आला की देणार आहे. तुम्हाला न्यायची असेल तर मला पावती द्या. मी दिलीय."

त्याचा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि परत आला. पावती देणं म्हणजे पुन्हा तेच, नाव लिहिणं. वरच्या जिन्यावरून थोरला डन्फी ओरडला, "साहेब, फ्रीझर हवाय का? न्या की! फक्त उतरताना खालची बाजू तुम्ही धरा!" ट्रकवरची माणसं हसली. त्यांतला एक म्हणाला, "आम्ही जाऊ का? पुढे अजून दोन ठिकाणं आहेत." आणि ते गेले.

दुपारी वर्नाच्या हातात कागद आला. एकतीस जुलैला नोकरी संपते, तोवर घर सोडायचं. तिनं तो उभ्याउभ्या वाचला. तिला कोणी रडताना पाहिलं नाही. एवढंच की त्या दिवशी तिनं जिना दोनदा पुसला.

इमारतीतल्या काहींनी कंपनीला पत्र लिहायचं म्हटलं. तिनं नको म्हटलं. "विनवणीचं पत्र नको. मी चुकले असते तर विनवणी केली असती." जुलैच्या शेवटच्या दिवशी तिनं आपल्या दोन खोल्या मला दाखवल्या. भिंतीत खिळा नव्हता, कपाटात हँगर नव्हता. मग तिनं ब्रेंटला बोलावलं आणि किल्ल्यांचा जुडगा दिला, अठ्ठेचाळीस किल्ल्या, प्रत्येकीला चिठ्ठी. सोबत कागद. या वेळी त्यानं सही केली. किल्लीची पावती न देता किल्ली घेता येत नाही, एवढं तो तोवर शिकला होता.

रेल्वेच्या रुळांजवळ एका लाकडी घराचा खालचा मजला तिला मिळाला. हॉस्पिटलच्या धोबीखान्यात काम मिळालं. वरची खोली रिकामी होती, तीही तिनं सप्टेंबरात घरमालकाला सांगून धरून ठेवली. "बोटीवरचा माणूस आहे," तिनं त्याला सांगितलं. "जानेवारीत करार करेल. दाराखालून पत्रं सरकवू नका."

ओडेल सतरा जानेवारीला आला. खांद्यावर खलाशाची पिशवी, मिशीवर बर्फ. तो, वर्ना आणि मी, आम्ही यादी घेऊन जुन्या इमारतीत दार-दार फिरलो. लोरेन नोव्हेंबरात पुलापलीकडच्या सुपीरियर गावात राहायला गेली होती. दिवा आणि मासेमारीचं सगळं ती स्वतः गाडीत घालून घेऊन आली, बर्फ फोडायचं हत्यार खिडकीतून बाहेर काढून. डन्फींकडच्या फ्रीझरमध्ये बारा पुडकी निघाली.

"चौदा होती," वर्ना म्हणाली.

"दोन तपासून पाहिली," धाकटा डन्फी म्हणाला. "खराब झालेली नव्हती."

ओडेल इतका हसला की त्याला जिन्याचा कठडा धरावा लागला.

तिच्या स्वयंपाकघरात सगळं सामान आणून लावल्यावर त्याला कोणीतरी सांगितलं, बहुतेक मीच, की वर्नाची नोकरी आणि घर कशापायी गेलं. त्यानं कॉफीचा कप खाली ठेवला.

"माझ्या खुर्च्यांपायी? वर्ना, वेडी आहेस का तू? टाकायच्यास पिंपात. मी दुसऱ्या घेतल्या असत्या."

"खुर्च्या तुझ्या होत्या," वर्ना म्हणाली, "भांडण माझं होतं. तुला त्यात बोलायचं कारण नाही. कॉफी पी."

त्यानं खाली वाकून बसल्या खुर्चीचा पाय चाचपला आणि ओशाळून म्हणाला, "एक सांगू? या चार माझ्या नाहीतच."

"काय?"

"मी राहायला आलो तेव्हा घरातच होत्या. चौसष्ट साली. तू यायच्या आधी. माझ्या आधीच्या माणसानं टाकल्या असणार. माझ्या त्या दोन."

मी वर्नाकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी ती कपाळाला हात लावेल. अकरा घरांनी जपलेलं, तिनं घरदार घालवून राखलेलं सामान, आणि त्यातल्या चार खुर्च्या चौतीस वर्षांपूर्वी कोणी सोडून दिलेल्या. तिनं डोळ्यांवर चष्मा चढवला.

"नाव काय त्याचं?"

"कोणाचं?"

"तुझ्या आधीच्याचं."

"अगं, मला काय आठवणार! होल्मग्रेन की हेडग्रेन असा कोणी. गोदीत होता. मेलाबिला असेल आता."

"मेला असेल तर मुलं असतील," वर्ना म्हणाली. "फोनचं पुस्तक द्या इकडे. आणि बाई, पेन्सिल आहे ना?"